दाबोळीचे दार

आमच्या कट्ट्याच्या बाजारात बसून आजही एखादा म्हातारा शपथेवर सांगतो की, गोवा मोकळा झाला त्या दिवशी बाँब टाकणारी विमाने आमच्या डोक्यावरून गेली. तो सांगतो तेव्हा ऐकणारे माना डोलावतात आणि त्यांत मीही असतो. नकाशा मात्र निराळे सांगतो. पुण्याहून दाबोळीकडे सरळ रेघ ओढली, तर ती सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने, आमच्या पूर्वेस २५-३० किलोमीटरांवरून दक्षिणेस उतरते. मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे गाव त्या रेघेवर येत नाही. परंतु माणसांच्या आठवणी नकाशा समोर ठेवून तयार होत नसतात. गावातल्या कितीतरी घरांची माणसे त्या दिवशी पलीकडे होती. विमाने आमच्याच डोक्यावरून गेली असे आम्हांला वाटले, याचे मला तरी नवल वाटत नाही.

१८ डिसेंबर १९६१. वार सोमवार. मी तेव्हा ९ वर्षांचा होतो. घरात वीज नव्हती, रेडिओ तर नव्हताच. बाजारातल्या एका दुकानात बॅटरीवर चालणारा रेडिओ होता आणि त्याच्यापुढे त्या दिवशी सगळा गाव उभा होता. सैन्य गोव्यात शिरले, दाबोळीच्या विमानतळावर बाँब पडले, ही बातमी घेऊन मी घराकडे धावत सुटलो. आजी खळ्यात भात वाळत घालत होती. मी मोठ्या आनंदाने तिला म्हटले, "आजी, आपल्या विमानांनी दाबोळी उडवली!" तिच्या हातातले सूप तसेच राहिले. ती म्हणाली, "दाबोळी? अरे, माजां चेडू थंय आसा मां रे!"

तिची मुलगी, म्हणजे माझी आत्या, १९५२ साली लग्न होऊन चिखलीला गेली होती. चिखली हे दाबोळीच्या अगदी लगतचे गाव. तिचे यजमान मुरगाव बंदरात कामाला होते. लग्न ठरले तेव्हा ते परमुलखात ठरले असे कोणाच्या मनातही आले नव्हते. मालवण, वेंगुर्ले, पेडणे, म्हापसे ही आमच्या दृष्टीने एकाच अंगणाची चार टोके होती. पुढे तीनच वर्षांत त्या अंगणात बंदुका उभ्या राहिल्या. आजीने त्या दिवशी मला आणखी एक प्रश्न विचारला. "बाँबाक मानसां कळतत काय रे?" मी ९ वर्षांचा पोर, मी काय उत्तर देणार? पुढे शाळेत इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि त्या निमित्ताने पुष्कळ वाचन झाले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा एक उशिराचा प्रयत्न आहे.

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले ते समुद्रमार्गाने, आणि जवळजवळ साडेचारशे वर्षे टिकले तेही समुद्राच्या जोरावर. त्यांच्याजवळ मुलूख थोडा आणि माणूसबळ त्याहून थोडे होते. तथापि समुद्राचे दार त्यांच्या हाती होते. जहाज कोणाचेही असो, त्यांचा परवाना, म्हणजे 'कर्ताझ', घेतल्याशिवाय ते सुखरूप जाऊ शकत नसे. दाराशी बसलेल्या माणसाला घर मोठे लागत नाही. दार आपल्या हाती असले म्हणजे झाले. हे मर्म शिवछत्रपतींनी ओळखले. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्यामागे केवळ एक किल्ला बांधण्याची हौस नव्हती. समुद्राची सत्ता समुद्रातच अडवावी लागते, हा तो विचार होता. लहानपणी आम्ही मालवणच्या वाळूत उभे राहून तो तट पाहत असू. मोठेपणी कळले की, तो तट दगडांत लिहिलेला युद्धशास्त्राचा धडाच आहे.

हे दार उघडे राहिले तर काय होते, हेही आमच्याच इतिहासात लिहिलेले आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांनी गोव्याच्या उंबरठ्याशी धडक दिली, जुवे बेट घेतले, आणि विजरईची पाचावर धारण बसली. मधली नदी तेवढी उरली होती. इतक्यात मोगल शहजादा शाहआलम घाट उतरून येत असल्याची वार्ता आली आणि राजांना माघार घ्यावी लागली. गोवा वाचला तो तटबंदीमुळे नव्हे, तर बाहेरून कोणीतरी वेळेवर येत होते म्हणून. वेढ्यात सापडलेल्याचे सारे लक्ष नेहमी एकाच गोष्टीकडे असते. मदत कोणत्या वाटेने येईल? आणि वेढा घालणाऱ्याचे पहिले काम हेच की, ती वाट बंद करावी.

आता १९५५ साल घ्या. त्या वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या आणि वीसहून अधिक माणसे धारातीर्थी पडली. आमच्या बाजूने बांद्याच्या पुढे पत्रादेवीला पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण शिक्षक पडला. तो कुठला आणि कुठे येऊन मेला, असे आमचे वडील म्हणत आणि गप्प होत. यानंतर भारताने गोव्यातली आपली वकिलात बंद केली, रेल्वे थांबवली, सरहद्द बंद केली. नाकेबंदी पुरी झाली. आत्याची पत्रे येईनाशी झाली ती तेव्हापासून. क्वचित कोणी मुंबईमार्गे निरोप आणी, तो आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत शिळा झालेला असे.

जमिनीचे दार असे बंद झाले. समुद्र मात्र उघडा होता आणि गोव्याचे खनिज जपानकडे व जर्मनीकडे जात होते. त्यावर गोव्याची पोटे भरत होती. याच सुमारास पोर्तुगीजांनी तिसरे दार बांधले. मुरगावजवळच्या पठारावर दाबोळीचा विमानतळ त्याच वर्षी उभा राहिला, 'ताइप' नावाची त्यांची विमान कंपनी सुरू झाली आणि दाबोळी, दमण, दीव व कराची यांच्या दरम्यान विमाने फिरू लागली. ज्या राष्ट्राची हिंदुस्थानातली सारी कारकीर्द जहाजांच्या बळावर गेली, त्याने शेवटच्या सहा वर्षांत आपला जीव एका धावपट्टीला बांधून ठेवला. आत्या पुढे सांगत असे की, रोज विमान उतरले की चिखलीतली पोरे कुंपणाशी धावत. परक्यांचे असले तरी विमान हे विमानच.

आता विमानदल म्हणजे नेमके काय करते, हे पाहू. सामान्य वाचकाची अशी समजूत असते की, विमानदल म्हणजे आकाशातला तोफखाना. ती अपुरी आहे. विमानदलाच्या अंगी मुख्यत्वे चार गोष्टी असतात. पहिली गोष्ट टेहळणी: डोंगरापलीकडचे दिसणे. दुसरी, आकाशावर ताबा: आपण उडावे आणि शत्रूने उडू नये. तिसरी, लांबचा आणि नेमका प्रहार: मधले सैन्य, नद्या, घाट ओलांडून शत्रूच्या मर्मावर बोट ठेवणे. आणि चौथी गोष्ट वेग: आज पुण्यात असलेले बळ तासाभरात मुरगावला उभे करणे. या चारींत दुसरी गोष्ट पायाची. ती नसेल तर बाकीच्या तीन टिकत नाहीत. इटलीच्या जुलिओ दुहे याने १९२१ साली आपल्या ग्रंथात मांडले होते की, आकाशात एकेक पक्षी मारीत बसण्यापेक्षा त्यांची घरटी आणि अंडी नाहीशी करणे अधिक परिणामकारक. दुहेची सारी मते काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. हे एक उतरले. विमान जमिनीवर असताना जितके दुबळे असते तितके दुसरे कोणतेही हत्यार नसेल.

१९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला, एक कोळी मारला गेला, आणि दिल्लीचा धीर सुटला. दक्षिण विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे एकंदर मोहीम आली. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड सरहद्दीवर आल्या. विमानदलाची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या हाती होती, आणि त्यांनी पुणे व बेळगावजवळचे सांबरा या दोन तळांवर आपले बळ जमवले. पुण्यास कॅनबेरा बाँबफेकी विमाने, सांबऱ्यास हंटर लढाऊ विमाने. कॅनबेरा हे विलायती बनावटीचे, दोन जेट इंजिनांचे विमान. १९५७ सालापासून ते आपल्याकडे येऊ लागले होते. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा असत.

यापुढचा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. दाबोळीला लढाऊ विमाने आहेत की नाहीत, हे आपल्या लोकांना नक्की ठाऊक नव्हते. पोर्तुगालजवळ सेबर जातीची विमाने होती आणि त्यांतली काही गोव्यात आणून ठेवली असावीत, असा संशय होता. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो करारात होते. तो करार गोव्याला लागू नव्हता, परंतु शस्त्रे तर एकाच कोठारातली होती. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आपली विमाने दाबोळीवर घिरट्या घालू लागली. कोणी वर येते का, ते पाहावे. स्क्वाड्रन लीडर लोखरान यांचे व्हँपायर विमान दाबोळीवरून गेले, तेव्हा खालच्या विमानवेधी तोफेने पाच गोळे झाडले. विमान झटकन खाली उतरून समुद्रावरून निसटले. पुढे ती तोफ विमानतळाच्या मनोऱ्याजवळ सापडली. तिच्या नळीत एक गोळा अडकून बसला होता! एवढ्या मोठ्या साम्राज्याचे आकाश राखायला एक अडकलेली तोफ. गोव्यात लढाऊ विमान एकही नव्हते.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. विजयाचे वर्णन करताना आपण हटकून विसरतो की, समोरच्याच्या हातात काय होते. गोव्यात पोर्तुगीज शिपाई होते चार हजारांच्या आसपास, मोठे लढाऊ जहाज एकच, आणि विमानदल शून्य. लिस्बनहून सालाझारने १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा याला कळवले की, शरण जाण्याची गोष्ट नको. विजयी शिपाई किंवा मेलेले शिपाई, याखेरीज तिसरे मला पाहायचे नाही. तो हुकूम देणारा माणूस हजारो मैलांवर होता. मदत पाठवायची तर जहाजाला आठवडे लागणार. इंग्लंडने आपले तळ वापरू द्यायला नकार दिलेला. वाट एकच उरली होती आणि ती दाबोळीच्या धावपट्टीवरून जात होती.

विमानदलाला जे हुकूम मिळाले, ते वाचण्यासारखे आहेत. दाबोळीची धावपट्टी निकामी करावी. मात्र प्रवाशांची इमारत व विमानतळावरच्या इतर सोयींना धक्का लावू नये. बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करावे. दमण आणि दीव येथील विमानतळ शत्रूला वापरू देऊ नयेत, पण परवानगी घेतल्यावाचून त्यांवर हल्ला करू नये. आणि पुढे जाणाऱ्या पायदळाला लागेल ती मदत करावी. या चार कलमांत मी वर सांगितलेल्या साऱ्या गोष्टी आल्या आहेत. दार बंद करा, वाचा बंद करा, आणि मग पायदळाला हात द्या. क्रमही हाच.

१८ तारखेच्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमाने दाबोळीवर आली. त्यांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे २८ टनांहून अधिक वजनाचे बाँब धावपट्टीवर टाकले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली ८ कॅनबेरांची दुसरी तुकडी आली. धावपट्टी खड्ड्यांनी भरून गेली. पण बाजूची इमारत आणि मनोरा उभे राहिले. सांबऱ्याहून निघालेल्या ६ हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर अग्निबाण व तोफा चालवल्या आणि ते गप्प झाले. यानंतर गव्हर्नराला लिस्बनशी बोलायचे तर मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या 'अफोन्सो द आल्बुकर्क' या जहाजाच्या बिनतारी यंत्राखेरीज साधन उरले नाही. दुपारी त्या जहाजाला आपल्या बेतवा व बियास या फ्रिगेटांनी गाठले. त्याचा कप्तान जखमी झाला आणि जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला लागले. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या ज्या सेनापतीने गोवा घेतला, त्याच्याच नावाचे जहाज गोव्याच्या वाळूत रुतले. इतिहासाला कधी कधी असा विनोद सुचतो.

आणि आमच्या बाजूने? सावंतवाडी, दोडामार्गकडून सगतसिंगांची ब्रिगेड सरहद्द ओलांडून निघाली. तिचे काम खरे पाहता दुय्यम होते, मुख्य धडक पूर्वेकडून कँडेथ यांची व्हायची होती. पण वाटेतले पूल उडवलेले असतानाही ही माणसे इतक्या झपाट्याने गेली की, त्याच संध्याकाळी त्यांचे एक पथक रणगाड्यांसह पणजीसमोर बेतीला मांडवीच्या काठी उभे राहिले. १६८३ साली जी नदी मधे होती, तिचेच हे पाणी. या वेळी मात्र कोणी शाहआलम घाट उतरून यायचा नव्हता. आकाशाचे दार सकाळीच बंद झाले होते. १९ तारखेला सकाळी आपले शिपाई नदी ओलांडून पणजीत गेले आणि त्याच दिवशी रात्री ८॥ च्या सुमारास व्हासालो इ सिल्व्हा याने शरणपत्रावर सही केली.

सालाझारने पाडापाडीचे हुकूम दिले होते, ते या गव्हर्नराने पुरते पाळले नाहीत. हा मनुष्य पेशाने इंजिनियर होता. बांधलेले पाडायला त्याचे मन घेईना, असे मला वाटते. पोर्तुगालात परतल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही गेल्यावर त्याचे पद त्याला परत मिळाले. दोन्ही बाजू मिळून या मोहिमेत पन्नासाच्या आसपास शिपाई मेले. आकडा लहान आहे. ज्यांच्या घरचे गेले त्यांना तो लहान नव्हता. आग्वादच्या किल्ल्यातले कैदी सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू पडले. पांढरे निशाण दिसण्याची वेळ आलेली असताना मरण आले.

दीवला निराळा प्रकार घडला. तिथे पोर्तुगीजांनी कडवा प्रतिकार केला. आपल्या तूफानी विमानांनी तिथली धावपट्टी उडवलीच, शिवाय मनोरा आणि बिनतारी केंद्रही उडवले. 'व्हेगा' नावाची पोर्तुगीजांची लहानशी गस्तीची बोट आपल्या विमानांशी झुंजत बुडाली आणि तिचा तरुण कप्तान ओलिव्हेरा इ कार्मो तिच्यावरच मेला. शत्रू असला तरी अशा माणसापुढे क्षणभर थांबावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आता एक उणेही सांगितले पाहिजे. दाबोळीच्या पटांगणावर एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि 'ताइप'चे एक डग्लस, अशी दोन वाहतुकीची विमाने उभी होती. ती धडधाकट हाती यावीत म्हणून आपण त्यांच्यावर बाँब टाकले नाहीत. त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवले, धावपट्टीचा जेवढा तुकडा वापरण्याजोगा होता तेवढ्यावरून अंधारात ती दोन्ही विमाने उडवली आणि कराची गाठली! आमच्याकडे म्हण आहे तसे, दार लावले पण कडी राहिली. यातला बोध युद्धशास्त्राने पुढे पुरता पचवला. धावपट्टी ही काही कायमची मरत नाही. रात्रभर माती-दगड टाकणारी शंभर माणसे असली की ती पुन्हा उठते. दार बंद केले की तिथे पहारा ठेवावा लागतो.

या बोधाचा पुरावा दहाच वर्षांत मिळाला. मधे १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा आपण लढाऊ विमाने वापरलीच नाहीत. वाहतुकीची विमाने आणि हेलिकॉप्टरे मात्र दिवसरात्र राबली. वापरली असती तर काय झाले असते, यावर अजून वाद चालतो. १९६५ च्या ६ सप्टेंबरला पाकिस्तानी सेबरांनी पठाणकोटच्या तळावर आपली दहाच्या आसपास विमाने जमिनीवरच जाळली. दुहेचे वचन आपल्याला आपल्याच घरट्यात वाचावे लागले. आणि १९७१ च्या डिसेंबरात आपण ते उलट वाचून दाखवले. ढाक्याच्या तेजगाव तळावर आपली मिग विमाने पहिल्या दिवसांत पुनःपुन्हा गेली. एक खड्डा बुजवला की दुसरा पाडावा, असे करीत त्यांनी तिथली सेबरे जमिनीला खिळवून ठेवली. पूर्वेचे आकाश आठवड्याच्या आत पूर्णपणे आपले झाले आणि मग पायदळ नद्यांमागून नद्या ओलांडीत ढाक्याला पोहोचले. दाबोळीला जे निम्मे साधले होते, ते तेजगावला पुरे साधले. एर्लिक पिंटो हे पाहायला हयात नव्हते. नोव्हेंबर १९६३ मध्ये पूंछजवळ हेलिकॉप्टरच्या अपघातात ते गेले होते.

असो. युद्धशास्त्र इथेच ठेवतो आणि आजीच्या प्रश्नाकडे वळतो.

जानेवारीत एक कार्ड आले. त्यावर भारताचे तिकीट होते. सहा वर्षांत आत्याचे पहिले सरळ टपालाने आलेले अक्षर. मजकूर चार ओळींचा: आम्ही सगळी बरी आहोत, घराची काही कौले सरकली, गाय दोन दिवस दूध देईना, आईला सांगणे की घाबरू नये. ते मला मोठ्याने वाचावे लागले. आजीने पुन्हा वाचायला लावले, मग तिसऱ्यांदा, आणि मग कार्ड घेऊन देवापुढे ठेवले.

त्या मे महिन्यात आत्या स्वतः आली. त्या सकाळची हकीकत तिने सांगितली ती अशी. आधी घरघर ऐकू आली. रोजचे विमान असेल असे वाटले. मग जमीन खालून हलली. पोरांना काखेत मारून ती काजूच्या बागेत गेली आणि तिथे वाडीतली सारी माणसे, हिंदू आणि ख्रिस्ती, एकमेकांना धरून बसली होती. दुपारी धीर करून एकजण वर जाऊन पाहून आला आणि म्हणाला की, रस्त्यासारखी ती लांब पट्टी फाटली आहे, घरे मात्र शाबूत आहेत. तेव्हा कुठे चुली पेटल्या.

बाँबला माणसे कळतात काय? नाही, कळत नाहीत. कळायचीच झाली तर ती बाँब टाकणाऱ्याला आणि त्याच्याही आधी हुकूम लिहिणाऱ्याला कळावी लागतात. दाबोळीवर इमारतीला धक्का लावू नका, असे ज्याने लिहिले त्याच्या मनात केवळ दया होती, असे मी म्हणत नाही. उद्या तो विमानतळ आपल्यालाच वापरायचा आहे, हा हिशेब त्यात होता. आणि आकाशात कोणी विरोध करणार नाही, म्हणून वैमानिकांना नीट नेम धरायला सवड मिळाली, हेही होते. परंतु हिशेबातही माणसाची कळ असू शकते. ज्या मुलखाला आपण आपला म्हणतो तिथे बाँब टाकताना हात कुठे थांबवायचा, हे आधी ठरवून ठेवलेले असणे, ही मला त्या मोहिमेतली सर्वांत मोठी शक्ती वाटते. नुसता विध्वंस करू शकणारी विमानदले जगात पुष्कळ होऊन गेली. दार बंद करायचे आणि घर राखायचे, हे त्यांतल्या थोड्यांना साधले. उलट बाजूही मी विसरत नाही. शत्रूजवळ विमाने असती, तोफ अडकली नसती, वैमानिकाला जीव मुठीत धरून घाईने बाँब सोडावे लागले असते, तर चिखलीची ती काजूची बाग मोजून चुकवणे कोणाला जमले असते? आकाशावर ताबा हा शब्द पुस्तकात मोठा कोरडा वाटतो. आत्याच्या घरासाठी त्याचा अर्थ एवढाच होता की, वर उडणाऱ्या माणसाला नेम धरायला वेळ मिळाला.

दाबोळीची धावपट्टी पुढे आपल्या लोकांनी दुरुस्त केली आणि तो विमानतळ नौदलाकडे गेला. समुद्र राखणाऱ्या दलाने आकाशाचे दार सांभाळावे, हे मला सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला आवडते. आता तर आमच्या जिल्ह्यातही चिपीला विमानतळ झाला, २०२१ च्या ऑक्टोबरात; आणि पेडण्यात मोपा येथे २०२३ पासून दुसरा. बाजारात बसलेल्या म्हाताऱ्याला आता विमान पाहायला शपथ घालावी लागत नाही. तो मान वर करतो, बघतो आणि विडी पेटवतो.

आत्या मे महिन्यात आली, तेव्हा ती आणि आजी रात्र रात्र खळ्यात बोलत बसत. मला वाटे की, त्या विमानांबद्दल बोलत असतील, म्हणून मी झोपेचे सोंग घेऊन ऐकत पडे. पण विमानांचे नाव निघत नसे. सहा वर्षांत वाडीतले कोण कोण गेले, कोणाची लग्ने झाली, कोणत्या माडाला आता नारळ धरत नाही, कपिला गाय कधी मेली, हेच चाले. पहाटे केव्हातरी आजी म्हणे, "नीज आता, बाय." आणि लगेच पुन्हा काहीतरी विचारी.